सत्यभामेची वेणी

मागल्या हिवाळ्यात गिरणीत कापूस नव्हता. बदलीवाल्यांना पंधरा दिवस घरी बसवलं. मी एका मांडववाल्याकडं रोजावर लागलो. सतरंज्या टाका, खुर्च्या मांडा, रात्री परत उचला. एका सभागृहात शास्त्रीय नृत्याचा कार्यक्रम होता. पडद्याची दोरी ओढायला माणूस आला नाही म्हणून दोरी माझ्या हातात दिली. त्यामुळं अख्खा कार्यक्रम मी विंगेतून बघितला. बिनतिकिटाचा.

एक पोरगी पितळी ताटाच्या काठावर उभी राहून नाचली. ताट पुढं सरकायचं, मागं सरकायचं, तिचा तोल ढळत नव्हता. खोटं कशाला बोलू, बघतच राहिलो. साच्यावर आठ तास उभं राहणाऱ्याला पायाची किंमत कळते. मग निवेदक आला. हा कुचिपुडी नाच म्हणे दोन हजार वर्षांचा, देवळात जन्मलेला, ऋषिमुनींनी निर्माण केलेला आणि आंध्रच्या पंडित घराण्यांनी पवित्र राखलेला. टाळ्या पडल्या. मी दोरी सोडली.

तिसऱ्या पाळीला हे माझ्या तेलुगू दोस्ताला सांगितलं. आमच्या सोलापुरात गिरणगाव निम्मं तेलुगूच. तो हसला. म्हणला, "पंडितांनी पवित्र राखलं, मग आमच्याकडं भोगम ही शिवी कुठून आली? नाचणाऱ्या बाईलाच भोगम म्हणत होते की." एवढं बोलून तो तुटलेला धागा जोडायला गेला. मला मात्र तिथूनच किडा लागला. वाचनालयात मिळेल ते वाचलं, तेलुगू मजकूर त्याच्याकडून समजून घेतला. आपल्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास वाचावा असं वाटलं म्हणून लिहितोय. मी काही नाचातला जाणकार नाही.

कुचिपुडी हे मुळात गावाचं नाव. कृष्णा नदीच्या मुखाजवळ, मच्छलीपट्टणच्या बाजूला, भाताच्या शेतांत वसलेलं. शेजारी मोव्वा गाव. पदं लिहिणारा क्षेत्रय्या तिथला, असं सांगतात. कुचिपुडीच्या ब्राह्मणांची कथा अशी: सिद्धेंद्र नावाचा मुलगा बायकोच्या गावाला निघाला, कृष्णेला पूर आला, बुडायला लागला. वाचलो तर संन्यास घेईन, असा नवस त्यानं बोलला. वाचला, योगी झाला आणि कृष्णाच्या रुसक्या बायकोवर, सत्यभामेवर, त्यानं 'भामाकलापम' रचलं. मग गावच्या ब्राह्मण पोरांना गोळा करून शपथ घातली की, इथं जन्मलेल्या प्रत्येक पुरुषानं आयुष्यात एकदा तरी सत्यभामा व्हायचं. सिद्धेंद्र नेमका कोणत्या शतकातला यावर पंडितांत भांडण आहे. कथेचा उपयोग मात्र सरळ आहे. नाच हा पोटाचा धंदा नाही, योग्याची आज्ञा आहे, असं एकदा ठरलं की नाचूनही ब्राह्मण राहता येतं.

हे त्यांना ठरवावं लागलं, कारण मनुस्मृती नटाला पंगतीत बसू देत नाही. श्राद्धाला कुणाला जेवायला बोलवू नये त्याच्या यादीत मनूनं कुशीलव म्हणजे नाचगाण्यावर जगणारा ब्राह्मण घातलाय. आणि नाट्यशास्त्राचं तर विचारूच नका. पहिल्या अध्यायात म्हणतं, वेद शूद्रांच्या कानी पडायचे नाहीत म्हणून ब्रह्मदेवानं हा पाचवा वेद सगळ्या वर्णांसाठी केला. शेवटच्या अध्यायात काय होतं? भरताच्या पोरांनी ऋषींची नक्कल करून थट्टा केली. ऋषी खवळले आणि शाप दिला: तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे दोस्तहो, ब्राह्मणाची नक्कल केली की नट शूद्र होतो, हे त्यांच्याच पोथीत लिहिलंय. निवेदक पहिला अध्याय सांगतो, शेवटचा सांगत नाही.

या पवित्र गावाला जमीन कुणी दिली? गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह, ज्याला तानाशाह म्हणतात. परंपरा सांगते की १६७८च्या सुमारास त्यानं या नाचणाऱ्या घरांचा खेळ बघितला आणि गाव इनाम दिलं. पुढं १७६३ची वाटणीची कागदपत्रं आहेत, त्यात घरांची नावं आहेत. वेदांतम, वेंपटी, चिंता, पसुमर्ती, भागवतुल ही त्यातली. ही आडनावं ध्यानात ठेवा, पुढं पदकांच्या यादीत परत भेटतील.

खेळ कसा व्हायचा ते ऐका, कारण तो थोर होता यात शंका नाही. रात्री जेवणं झाल्यावर देवळापुढं मांडव. दोन माणसं पडदा धरून उभी. एरंडेलाच्या मशाली, त्यावर राळेची भुकटी मारली की भपका उडायचा. सूत्रधार हातात झांजा घेऊन बोल म्हणणार, तोच मध्ये बोलणार, तोच विनोद करणार, तोच भामेची सखी माधवी होणार. पहाटेपर्यंत खेळ. सत्यभामा आधी तोंड दाखवायची नाही. पडद्यावरून फक्त वेणी पुढं टाकायची. लांबलचक, सूर्यचंद्र आणि नागाचे दागिने जडवलेली. ती वेणी म्हणजे आव्हान. माझ्यापेक्षा कुणी वरचढ असेल तर यावं, हरले तर वेणी कापून घ्या. आणि पडद्यामागं उभा असायचा एक पुरुष, ब्राह्मणाचा.

वेदांतम सत्यनारायण शर्मा (१९३५-२०१२) हे त्या वेणीचे शेवटचे मोठे मालक. आपल्याकडं बालगंधर्वांच्या लुगड्याची बायकांनी नक्कल केली, तसंच आंध्रात यांच्या भामेबद्दल बोललं जायचं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचं पारितोषिक, १९७० साली पद्मश्री. गुणाचा माणूस. त्यांच्या गुणाशी माझं भांडण नाही. पण त्यांच्याच गावात, त्यांच्याच घरातल्या बायका मात्र मंचावर चढत नव्हत्या. बाईचं सोंग पवित्र, बाई नाही.

या गावाचं दुसरं नाटक मला भामेपेक्षा मोठं वाटतं. 'गोल्लकलापम', एकोणिसाव्या शतकातलं, भागवतुल रामय्याचं. गवळ्याची बाई ताक विकत येते, तिला ब्राह्मण भेटतो आणि वाद सुरू होतो. ब्राह्मण कशानं होतो? जन्मानं? मग ती गर्भाची सगळी हकीकत सांगते: पिंड कसा धरतो, महिन्यामागून महिना पोटात काय घडतं, कसा माणूस बाहेर येतो. त्यात जात कुठं आली ते दाखव म्हणते. यज्ञ म्हणजे काय, हेही ती त्यालाच समजावते. हे वाचताना मला कबीर आठवला, आपले चोखोबा आठवले. आणि हे नाटक ब्राह्मणानं लिहिलं, ब्राह्मणानंच गवळण होऊन केलं, देवळापुढं केलं. बघणारे ब्राह्मण माना डोलवायचे आणि सकाळी उठून परत सोवळ्यात. सोंगातल्या शूद्र बाईनं ब्राह्मणाला हरवलं तर चालतं. खरी गवळण कुठं उभी होती? अंगणाच्या कडेला. आणि माला-मादिगांची माणसं? त्यांना देवळाच्या आवाराची वेसच बंद.

आता त्या बायकांकडं येऊ, ज्यांच्याबद्दल निवेदक एक शब्द बोलला नाही.

गोदावरी-कृष्णेच्या त्याच पट्ट्यात कलावंतुलु नावाचा समाज होता. या बायका लग्न करत नसत. इस्टेट आईकडून लेकीकडं जायची. लहानपणापासून तेलुगू, थोडं संस्कृत, गाणं, नाच शिकायच्या. देवळात सेवा, जमीनदाराच्या लग्नात नाच, हवेलीत मैफल. क्षेत्रय्याची पदं, जावळ्या, शिवाय 'भामाकलापम' आणि 'गोल्लकलापम'सुद्धा या बायका करायच्या. हो, तेच खेळ. मुम्मिडीवरमसारख्या गावांत त्यांची घरंच्या घरं होती. आणि कुचिपुडीचे ब्राह्मण गुरू या बायकांना शिकवायला जायचे, त्यावर त्यांची घरं चालायची. वेदांतम लक्ष्मीनारायण शास्त्री हे त्यातलं मोठं नाव. म्हणजे विद्या ब्राह्मणाच्या अंगणातून बाईच्या दिवाणखान्यात गेली आणि दिवाणखान्यातला अभिनय परत अंगणात आला. नदीचं पाणी आणि पाटाचं पाणी कुठं वेगळं करणार?

या बायका नुसत्या नाचत नव्हत्या, लिहितही होत्या. इथं आपल्या मराठी राजांचा संबंध येतो. तंजावरला प्रतापसिंह भोसल्याच्या दरबारात (१७३९-६३) मुद्दुपळणी नावाची गणिका होती. तिनं तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' हे काव्य रचलं. राधेची वासना राधेच्या बाजूनं सांगितली. दीडशे वर्षांनी, १९१० साली, बंगळूर नागरत्नम्मा या त्याच समाजातल्या गायिकेनं ते पुस्तक शुद्ध करून छापलं. थोर समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी त्याला आधीच अश्लील ठरवलं होतं. इंग्रज सरकारनं बंदी घातली. ती बंदी टंगुटूरी प्रकाशम यांच्या सरकारनं उठवली तेव्हा स्वातंत्र्य दारात आलं होतं. पुरुष कवींनी याहून उघडं लिहिलं होतं, त्यांच्या पोथ्या कुणी जप्त केल्या नाहीत.

वीरेशलिंगमांना मी खलनायक करत नाही. १८८१ साली ज्यानं विधवेचं लग्न लावलं तो माणूस साधा नाही. नाचवालीचा धंदा बंद करा, जमीनदारानं लग्नात बाई नाचवू नये, ही त्यांची मागणीही पोकळ नव्हती. या बायकांचं जगणं म्हणजे मखमलीचा पडदा असं समजू नका. म्हाताऱ्या जमीनदाराकडं वयात आलेली पोर द्यायची, त्याच्या मर्जीवर भात खायचा. हे जगणं मोडा म्हणणाऱ्यांत त्याच समाजातल्या बायका पुढं होत्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची आई त्याच समाजातली. मूवलूर रामामिर्तम अम्माळ स्वतः त्या जगण्यातून बाहेर पडली आणि पेरियारच्या स्वाभिमान चळवळीत उतरली. या बायकांना उगाच कलेचे शत्रू ठरवणाऱ्या विद्वानांनी एकदा त्यांच्या जागी उभं राहून बघावं.

पण कायदा कसा झाला ते बघा. मद्रास सरकारनं १९४७ साली देवदासी अर्पण बंदीचा कायदा केला. मुलगी देवाला सोडणं गुन्हा, हे बरोबर. त्यासोबत असंही लिहिलं की देवळाच्या आवारात किंवा देवाच्या मिरवणुकीत बाईनं नाचणं बेकायदा. बाईनं. पुरुषाचं नाव नाही. कुचिपुडीचा ब्राह्मण वेणी लावून देवळापुढं उभा राहिला तर कायदा त्याच्याकडं बघत नाही. त्याला भामेच्या चाली शिकवून ज्या बाईकडून पोटाला मिळायचं, तिनं पाय उचलला की गुन्हा. आणि याच १९४७ साली मद्रासमध्ये मंदिरप्रवेशाचाही कायदा झाला. आपल्या माणसाला देवळाचं दार उघडलं त्याच साली तिथली नाचणारी बाई बाहेर काढली. आपण आत गेलो तेव्हा अंगण रिकामं होतं.

पुढची गोष्ट राज्यांची आहे. १९५३ साली आंध्र राज्य झालं, १९५६ साली आंध्र प्रदेश. भाषेचं राज्य आलं की भाषेची कला पाहिजे. तमिळांकडं भरतनाट्यम् होतं, मल्याळींकडं कथकली. तेलुगूंचं काय? १९५८ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीचा नृत्य परिसंवाद झाला, तिथं विस्सा अप्पाराव यांनी कुचिपुडीची बाजू मांडली. १९५९ साली हैदराबादला आंध्रच्या अकादमीनं खास कुचिपुडीवर परिसंवाद भरवला. पोथ्यांचे आधार काढले गेले, योग्याची कथा पुढं आली. शास्त्रीय हा शिक्का मिळवायला तीन गोष्टी लागतात: जुनी पोथी, पवित्र गाव आणि सोवळा माणूस. कुचिपुडीकडं तिन्ही होत्या. कलावंतुलु बाईकडं नुसती कला होती.

नटराज रामकृष्ण (१९२३-२०११) हा एक माणूस मात्र त्या बायकांच्या दारी गेला. म्हाताऱ्या झालेल्या नर्तकींकडून शिकला, त्यांना हैदराबादला आणून लोकांपुढं उभं केलं, त्यांच्या नाचाला आंध्रनाट्यम् नाव दिलं. ती पुढं फार चाललेली नाही. त्या समाजातल्या बऱ्याच जणी सिनेमात गेल्या, काही नाटक कंपन्यांत, उरलेल्या कुठं गेल्या ते पेद्दापुरमसारख्या गावांच्या बदनामीत दिसतं. समाजानं स्वतःला सूर्यबलिजा म्हणायला सुरुवात केली. मागासवर्गाच्या सरकारी यादीत तेच नाव आहे आणि त्याच्याजवळ कलावंतुलु हे जुनं नावही आहे. नाव बदललं तरी जुनं नाव सोबत येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग वेंपटी चिन्न सत्यम (१९२९-२०१२). कुचिपुडीचंच पोर, मद्रासला गेलं, १९६३ साली तिथं कुचिपुडी आर्ट अकादमी काढली. यांनी दार उघडलं. इतर जातींच्या मुली शिकवल्या, बाईला सत्यभामा केलं. १९९८ साली पद्मभूषण मिळालं. श्रेय द्यायचं तिथं दिलं पाहिजे. आज कुचिपुडी बहुतेक बायकाच करतात. २०१०च्या डिसेंबरात हैदराबादच्या मैदानात अडीच हजारांहून जास्त नर्तक एकाच वेळी नाचले आणि जागतिक विक्रम झाला. पण दारातून कोण आत आलं? डॉक्टरची लेक, अधिकाऱ्याची लेक, परदेशातल्या इंजिनियरची लेक. जिला बाहेर काढलं तिची लेक आली नाही. तिची आई तिला घुंगराला हात लावू देत नव्हती, आणि का देईल?

इथं मी अडतो, मित्रांनो. कारण माझ्याच घरात हे घडलंय.

आमच्या आजोबांची थोरली बहीण तमाशाच्या फडात नाचायची. सगळे तिला आक्का म्हणत. छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि तिनं फड सोडला. त्याच्या वीस वर्षं आधी, १६ जून १९३६ला, बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत स्पष्ट सांगितलं होतं की हे लाजिरवाणं जिणं सोडा. आक्काला तारीख ठाऊक नव्हती, गोष्ट ठाऊक होती. तिनं चाळ मोडीत घातले. पितळेचे जे पैसे आले त्यातून पुतण्याला, म्हणजे माझ्या बापाला पुढं जी शाळा मिळाली तिचा पाया पडला, असं आमच्या घरात सांगतात. पुढं कधीतरी एक लोककलेचे अभ्यासक घरी आले. टेपरेकॉर्डर काढून म्हणाले, बाई, ही कला मरता कामा नये, एखादी लावणी म्हणा. आक्का म्हणाली, "तुमच्या घरच्या बाईला शिकवते, घेऊन या." साहेब चहा न पिता गेले. मग कळलं, लावणीच्या शिबिरांत त्यांच्यासारख्यांच्या घरच्या मुली खरंच शिकायला लागल्यात. आंध्रात साठ वर्षांपूर्वी झालं तेच.

आक्का चुकली काय? मी नाही म्हणत. आक्कानं चाळ टाकले म्हणून मी हे लिहितोय. पण ती चुलीपुढं बसून भीमगीत म्हणायची तेव्हा पाय जमिनीवर ठेका धरायचा, आणि तो ठेका कुणाच्याच वहीत उतरला नाही. ती २०१६ साली गेली. मी तेव्हा दहावीत होतो, मला अक्कल नव्हती.

तेलुगू दोस्तानं एक दुसरी गोष्ट सांगितली. तेलंगणात चिंदू म्हणून समाज आहे, मादिगांचा आश्रित. गावोगाव मादिगवाड्यांत त्यांचं हक्काचं वतन. ते यक्षगान करतात, चिंदू भागवत. रात्रभर चालणारं, गाणं, नाच, संवाद, मुकुट, रंगवलेलं तोंड, सगळं. आणि ते जांबपुराण सांगतात: मादिगांचा मूळपुरुष जांबवंत देवांच्याही आधी जन्मला. म्हणजे ज्यांना वेस बंद होती त्यांनी आपलं पुराण आणि आपलं नृत्यनाट्य आपल्याच वाड्यात उभं केलं होतं. चिंदू यल्लम्मा ही त्यातली मोठी कलावंतीण, निजामाबादकडची, २००५ साली वारली. ती पुरुषांच्याही भूमिका करायची. तिकडं ब्राह्मण पुरुष वेणी लावून भामा होत होता, इकडं मादिगवाड्यात बाई मिशी लावून राजा होत होती. त्याला शास्त्रीय म्हणतात, हिला लोककला. २०२४ साली चिंदू यक्षगानाच्या गड्डम सम्मय्या यांना पद्मश्री मिळाली, एवढं तरी झालं. पण खेळ तोच, रात्र तीच, मशालही तीच. फरक कुठला ते अकादमीवाल्यांनी आम्हाला ताक विकणाऱ्या त्या गवळणीइतकं सोपं करून सांगावं.

दोस्त आणि मी ठरवलंय, येत्या उन्हाळ्यात सुटी साधून जनगावकडं जायचं. कुणी चिंदू म्हातारा भेटला तर जांबपुराण बसून उतरवून घ्यायचं, तो तेलुगूत लिहील, मी मराठीत. पण आधी त्याला विचारायचं की उतरवू द्यायचं का. नाही म्हणाला तर चहा पिऊनच उठायचं. तुमच्या वस्तीत फड सोडलेली, वाघ्या-मुरळी सोडलेली कुणी आज्जी असेल, तर तिच्याकडं तुम्ही स्वतः जा. टेप नंतर काढा. पहिल्यांदा तिला विचारा की तिनं चाळ कितीला मोडले.